शेवटचा हात

“बडे अब्बा, तुम्हाला गिटार वाजवता येते का?”

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पण पैज माझ्या मैत्रिणींनी, ऋजुता आणि श्रावस्तीने, लावली होती. नववी ‘ब’ची क्षेत्रभेट होती आणि मगदूम सरांनी त्यासाठी नेमकं आमचंच दुकान निवडलं होतं. ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी रोज दात घासते, त्याच्या खालचं दुकान बघायला मी युनिफॉर्म घालून, रांगेत, जोडी धरून आले होते. ऋजुताला वाटलं होतं मी घाबरेन. तशी घाबरलेच होते, पण सगळा वर्ग बघत असताना घाबरून चालत नाही.

मिरजेत आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात. बडे अब्बा म्हणजे माझ्या अब्बांचे थोरले भाऊ. दुकान त्यांच्या शब्दावर चालतं आणि घरही. त्यांनी मुलांना भोपळा दाखवला, त्यावर झाकणासारखी बसणारी लाकडी तबली दाखवली, तार छेडून दाखवली. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवला आणि हसले.

“गिटार वाजवायला बोटं लागतात, बेटा. बनवायला कान लागतो. तो अल्लाने आम्हाला दिलाय.”

मगदूम सर म्हणाले, वा. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ऋजुता माझ्या कानाला लागली, “म्हणजे नाही येत.”

आता मी बारावीत आहे आणि हे सगळं लिहून काढतेय. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथे मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावणार आहे, बडे अब्बांनासुद्धा. त्यांना ते आवडणार नाही. पण कथा माझी आहे.

प्रश्नामागे कारण होतं. त्या क्षेत्रभेटीच्या दोन वर्षं आधी अब्बांनी सतारीच्या जोडीला गिटार बनवायला घेतली होती. साधी नाही, आर्चटॉप. तिचं पोट सपाट नसतं, व्हायोलिनसारखं फुगीर कोरलेलं असतं. मधोमध गोल भोकाच्या जागी दोन बाजूंना दोन वळणदार चिरा असतात. तारा ज्या लाकडी तुकड्यावरून जातात ती घोडी चिकटवलेली नसते, सतारीच्या घोडीसारखी नुसती तारांच्या दाबाखाली उभी असते. त्यामुळेच अब्बांना वाटलं, ही तर आपल्याच घरातली आहे. परदेशी आर्चटॉप शिकणाऱ्याला परवडत नाही. आपण मागणीप्रमाणे बनवू, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने, झेपेल अशा भावात.

दोन गिटारी गेल्या. दोन्ही परत आल्या. एक पुण्याहून, एक कोल्हापूरहून. दोघांची तक्रार एकच होती, की तारा झणझणतात, पडदे नीट बसवलेले नाहीत. पडदे म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांच्या मागे बोट दाबलं की सूर बदलतो. गिटारवाले त्यांना फ्रेट म्हणतात. त्यात एक जरी केसभर वर राहिला तरी तार त्याला घासते आणि किरकिरते.

पडदे अब्बांचं काम होतं. पहिली परत आल्यावर त्यांनी ते घासले. दुसरी परत आल्यावर इतके घासले की पत्र्यासारखे चपटे झाले. तरी झणझण तशीच. तेव्हापासून अब्बा जेवताना स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचे. आम्ही काही विचारलं तर म्हणायचे, हातच बिघडला माझा.

क्षेत्रभेटीच्या वेळी तिसरी तयार होत होती, बेळगावच्या लोबो मॅडमसाठी. त्या तिथे मुलांना शिकवायच्या आणि एका हॉटेलात शनिवारी वाजवायच्या. रविवारी स्वतः न्यायला येणार होत्या. बडे अब्बांनी जेवणावरच सांगून टाकलं होतं, ही परत आली तर गिटार बंद, युनूसने पुन्हा भोपळे खरवडायला बसायचं. युनूस म्हणजे माझे अब्बा. दांडी तासून ती डोळ्यासमोर धरायचे तेव्हा त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला माहीत होतं. भोपळा खरवडताना तो तसा व्हायचा नाही.

आणि माझं म्हणाल तर, आठवीत गेल्यापासून मला खाली यायला बंदी होती. मुलगी मोठी झाली, दुकानात गिऱ्हाईक येतं-जातं, बरं दिसत नाही. त्याआधी मी शाळा सुटली की अब्बांच्या शेजारी बसून पडद्यांची टोकं घासायचे. आता मी वर. अम्मीही वरच. आमच्या घरातल्या बायका लाखेचं पॉलिश करतात, कापडाच्या बोळ्याने, गोल गोल, चेहरा दिसेपर्यंत. वाद्य वर येतं, चकचकतं, खाली जातं. तारांना बायकांनी हात लावायचा नाही.

पण परत आलेल्या दोन्ही गिटारी माळ्यावर टाकल्या होत्या, आणि माळा वर असतो.

श्रावस्तीकडे मावशीने दिलेली कारखान्यातली साधी गिटार होती. तिच्या घरी मी पहिले तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे झुपके, शिकले, आणि घरी आल्यावर माळ्यावर बसून तेच आमच्या आर्चटॉपवर घोटायचे. अम्मीला कळत होतं. ती खालून फक्त झाडूने माळ्याची फळी ठोकायची, बडे अब्बा आल्याची खूण म्हणून. वर्षभरात मला बऱ्यापैकी यायला लागलं होतं. एकच गोष्ट छळायची. श्रावस्तीच्या गिटारवर जो कॉर्ड स्वच्छ यायचा, तो आमच्या गिटारवर बाजार भरल्यासारखा यायचा. मला वाटायचं, माझी बोटं कच्ची आहेत.

एक दिवस श्रावस्ती आमच्याकडे आली, माळ्यावर चढली आणि तिनेही वाजवून बघितली. मग म्हणाली, “मेजू, हिच्यात सतार अडकलीय.”

माझं नाव महेजबीन. मेजू फक्त या दोघी म्हणतात.

आम्ही खूप हसलो. पण ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली. झणझणली. पहिल्या पडद्यावर दाबून छेडली. झणझणली. दुसऱ्यावर, पाचव्यावर, अगदी दांडी संपते तिथल्या शेवटच्या पडद्यावर. कुठेही दाबा, तेवढीच. पडद्यात खोट असती तर एका जागी आली असती, दुसऱ्या जागी गेली असती. जी झणझण प्रत्येक पडद्यावर सारखी आहे, ती पडद्याची कशी असेल?

दांडीच्या या टोकापासून बोट कुठेही सरकवलं, तरी तारेचं दुसरं टोक एकाच जागी टेकलेलं असतं. घोडीवर.

मी घोडीच्या माथ्यावर नख फिरवलं, आणि ज्या घरात जन्मले त्या घराची मुलगी असल्यामुळे मला लगेच कळलं ते काय आहे. जवारी.

सतार ऐकली असेल तर तो आवाज तुम्हाला माहीत आहे. सूर संपतच नाही, त्याच्या भोवती चमकी लावल्यासारखी एक झिलई घुमत राहते. ती कशी येते? घोडीचा माथा धारदार ठेवत नाहीत. त्याला कानशीने अगदी हलका उतार देतात, की तार एका जागी टेकण्याऐवजी त्या उतारावर लोळते आणि बोलत राहते. त्याला जवारी काढणं म्हणतात. कमी झाली तर सतार मुकी, जास्त झाली तर कर्कश. आमच्या घरात जवारी फक्त थोरला काढतो. वाद्य सगळ्यांच्या हातून फिरून शेवटी बडे अब्बांच्या आतल्या खोलीत जातं, दार लागतं, आणि बाहेर येतं तेव्हा त्याला आवाज आलेला असतो. त्याला शेवटचा हात म्हणतात. दुकानातून काहीही शेवटच्या हाताशिवाय बाहेर पडत नाही.

काहीही. म्हणजे गिटारसुद्धा.

कुणी चूक केलीच नव्हती. बडे अब्बांनी घोडी बघितली, तार ऐकली, त्यांना ती मुकी वाटली, आणि जन्मभर जे केलं ते त्यांनी केलं. अब्बांनी ऐकलं, त्यांना ती गोड वाटली. आमच्या घरात त्या आवाजाला झणझण म्हणतच नाहीत. गिऱ्हाईक झणझण म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी ती दुसरीकडे शोधली, बिचाऱ्या पडद्यांत.

गुरुवारी मी अब्बांना गाठलं. जिन्यात. म्हटलं, पडदे चांगले आहेत, घोडीला जवारी आहे, गिटारला जवारी चालत नाही. सहा तारा एकदम बोलतात, सगळ्या लोळायला लागल्या तर कॉर्ड कसा ऐकू येणार. मी भराभर बोलत होते आणि अब्बांचा चेहरा बंद होत होता.

“भाईजानच्या हाताबद्दल बोलतेस तू,” ते म्हणाले. “कळतंय का?”

“हाताबद्दल नाही, घोडीबद्दल.”

“एकच आहे ते. वर जा.”

ते खाली गेले, मी वर गेले, आणि वर जाताना ठरलं की शुक्रवारी.

शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाला गल्लीतले सगळे पुरुष जातात. दुकान अर्धं ओढून ठेवलेलं असतं आणि आत कुणी नसतं. मी पोट दुखतंय म्हणून शाळेतून लवकर आले होते. लोबो मॅडमची गिटार शेवटचा हात होऊन आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती, अम्मीच्या पॉलिशने मधासारखी.

अब्बा प्रत्येक वेळी घोडीच्या माथ्याचे दोन तुकडे कोरतात. एक जवारीत जास्त घासला गेला तर दुसरा हाताशी असावा म्हणून. दुसरा खणात होता, शिसमाचा, कुणीही न शिवलेला, फोटोत बघून अब्बांनी कोरलेला तसाच धारदार. म्हणजे बरोबर घोडी घरातच होती, कायमच होती. मला फक्त तारांसाठी खाचा पाडायच्या होत्या.

कंपासपेटीतल्या पेन्सिलने मी घोडीच्या पायांभोवती बारीक खूण केली, कारण तारा सैल केल्या की ती पडते, आणि ती परत नेमकी तिथेच उभी राहिली नाही तर सगळे सूर बिघडतात. मग मी तारांच्या चाव्या पिरगाळायला लागले आणि मागून आवाज आला.

“माझ्या पॉलिशवर चरा पडला तर बघ.”

अम्मी. हात कोपरापर्यंत लाखेने तपकिरी. मला वाटलं आता वर ओढत नेणार. तिने दाराकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली आणि पदर तिच्या पोटावर पसरला, वरून काही पडलं तर लागू नये म्हणून.

“अब्बा भोपळे खरवडायला बसले तर ते तुझ्यामुळे नको,” ती म्हणाली. “एवढंच बघ.”

मी बघितलं. बारीक कानस, मोजपट्टी, श्वास रोखून एकेक खाच. तिसऱ्या तारेची खाच जरा सरकली. दुरुस्त करायला वेळ नव्हता, तुकडा दुसरा नव्हता. तारा चढवल्या, घोडी खुणेवर उभी केली, उंची जमवली, आणि एकच कॉर्ड वाजवला. हळू.

अम्मीने आयुष्यात किती वाद्यं पॉलिश केली असतील. तिने मांडीवरच्या गिटारकडे असं बघितलं, जणू ती पहिल्यांदा बोलली.

बडे अब्बांचा तुकडा मी रुमालात गुंडाळला. फेकला नाही. तो चांगला होता, फक्त चुकीच्या घरी आला होता.

रविवारी लोबो मॅडम आल्या. उंच, कापलेले पांढरे केस, पायात बूट. बडे अब्बांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते, तिथून दुकान दिसतं. अब्बा भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभे होते, निकालाच्या दिवशी आमच्या वर्गातली मुलं उभी राहतात तसे.

वाद्य देताना बडे अब्बा प्रत्येक तार एकदा छेडतात. ही त्यांची सलामी. पहिली छेडली आणि त्यांचा हात थांबला. परत छेडली. मान तिरकी केली, तिसऱ्यांदा छेडली.

“ही मेलीय,” ते म्हणाले.

“कोण मेलंय?” लोबो मॅडमनी कप खाली ठेवला.

“माझ्या हातची नाही ही.” त्यांनी अब्बांकडे बघितलं. “युनूस, कुणी हात लावलाय हिला?”

अब्बांना खरंच माहीत नव्हतं. पण ते बोलायला लागले, मला दिसलं की ते ‘मी’ म्हणणार आहेत, भाईजानला काहीतरी उत्तर हवंय म्हणून. मी जिना उतरले. सगळ्या पायऱ्या, आणि मग उंबरठाही.

“मी लावला,” मी म्हटलं.

बडे अब्बा माझ्याकडे बघतच नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते, ते दुकानाच्या फरशीवर होते म्हणून.

“वर जा,” ते म्हणाले. “युनूस, जुनी घोडी लाव. मॅडम, दहा मिनिटं बसा.”

अब्बा हलले नाहीत. मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. मग ते म्हणाले, भिंतीला टेकूनच, “आधी मॅडमना वाजवू द्या, भाईजान.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भावाला असं काही म्हटलेलं मी ऐकलं. बडे अब्बांनीही पहिल्यांदाच ऐकलं असणार.

लोबो मॅडमना या सगळ्यात काय चाललंय ते कळत नव्हतं, पण मजा येत असावी. “मला एक सांगा बघू आधी,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात गिटार वाजवतं कोण?”

तोच प्रश्न. या वेळी पैज कुणाची नव्हती. बडे अब्बा दाढीवरून हात फिरवायला लागले, पण मी थांबले नाही.

“मी वाजवते.”

“मग वाजव की.”

बडे अब्बांच्या हातातून मी गिटार घेतली. त्यांनी ती सोडायला एक क्षण घेतला. मी खाली बसले, अब्बांच्या बैठकीशेजारी, माझ्या जुन्या जागेवर, आणि मला येत होतं ते सगळं वाजवलं. फार काही नव्हतं. एक चूक झाली, ती परत वाजवली. पण सहाच्या सहा तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या, आणि त्या मिळून एक होत्या, आणि हात उचलला की आवाज थांबत होता, लोंबत नव्हता. मग मी रुमाल सोडला, बडे अब्बांचा तुकडा मॅडमसमोर ठेवला आणि त्यात काय आहे ते सांगितलं.

मॅडमनी माथ्यावर अंगठा फिरवला. “हां. म्हणून तुमचं ते पुण्याचं गिऱ्हाईक मला म्हणत होतं, आवाज सतारीसारखा.” मग गिटार घेऊन त्या वाजवत बसल्या. किती वेळ कोण जाणे, चहावर साय आली. शेवटी म्हणाल्या, “नेते मी ही. पण तिसरी तार सरकलीय. आणि पडद्यांची टोकं हाताला टोचतायत, हात खाली-वर नेताना. एवढ्या सुंदर बसवलेल्या पडद्यांना टोकं अशी का सोडली हो?”

टोकं घासायचं काम माझं होतं, आठवीपर्यंत. मी वर गेल्यापासून ते कुणी मनापासून केलंच नव्हतं.

“ती मी करते,” मी म्हटलं. “आणि खाचही. पुढच्या रविवारी या.”

बडे अब्बा उठले. त्यांनी स्वतःचा तुकडा रुमालातून उचलला, उजेडात धरला, माथ्यावर फुंकर मारली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू बोलले.

“या घरात शेवटचा हात माझा असतो.”

“सतारीला, बडे अब्बा,” मी म्हटलं. “गिटारला नाही.”

ते आतल्या खोलीत गेले आणि दार लागलं. थोड्या वेळाने आतून सतारीची एक तार ऐकू आली, तीच ती, पुन्हा पुन्हा, घुमत राहणारी. सांगायलाच हवं, की तिच्यासारखी जवारी मिरजेत दुसऱ्या कुणाला जमत नाही. ती तिथे सुंदर होती.

लोबो मॅडम गिटार आमच्याकडेच ठेवून गेल्या. अम्मी जिन्यावर येऊन उभी होती, ओले हात पदराला पुसत. अब्बा गिटारशेजारी बसले आणि दांडीवरून अंगठा फिरवायला लागले, वरून खाली, एकेका पडद्यावरून.

“म्हणजे पडदे बरे होते?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या गिटारपासून.”

त्यांनी मान खाली घातली. मग घसा साफ करून, बापाच्या आवाजात म्हणाले की जे झालं ते झालं, आत जाऊन भाईजानची माफी माग आणि वर जा, ते शांत झाले की मी बघतो. अम्मीने माझ्याकडे बघितलं. ती जिन्यातून एका बाजूला झाली नाही, वाट दिली नाही मला वर जायला.

“माफी मागेन,” मी म्हटलं. “न विचारता हात लावला त्याची. घोडीची नाही मागणार. आणि अब्बा, अम्मी, तुम्ही दोघं समोर आहात तोवरच सांगते. उद्यापासून शाळा सुटली की मी खाली बसणार. गिटारचे पडदे तुमचे, पॉलिश अम्मीचं, शेवटचा हात माझा. मी वाजवून बघितल्याशिवाय एकही गिटार इथून जाणार नाही. आणि माझं टेबल आत नको, रस्त्याकडच्या दारात टाका. मी दार लावून काम करणार नाही.”